अक्का, खो!

काल हुबळीत विद्यानगरच्या मैदानावर नातीचा खो-खोचा सामना होता. मैदान आखलेल्या ताज्या फक्कीचा वास आला आणि मी एकदम बारा वर्षांची झाले.

आमच्या शाळेच्या संघात आम्ही दाजीबानपेठेतल्या मराठी मुली आणि जुन्या हुबळीतल्या कानडी मुली. मैदानाबाहेर एकमेकींशी बोलणं नाही, म्हणून बाईंनी मुद्दाम एकीआड एक बसवलेलं. शेवटच्या सामन्यात मला गंगाक्काला खो द्यायचा होता. ती दोन वर्गांनी मोठी. थोरल्या मुलीच्या पाठीत मारायचं कसं? मी हळूच हात लावला आणि अदबीनं म्हणाले, "अक्का... खो!"

शिट्टी वाजली. हात आधी, 'खो' नंतर, म्हणून फाउल! तेवढ्यात पळणारी निसटली. मी रडकुंडीला आले, पण गंगाक्का पोट धरून हसत होती. "अक्का मन्याग, इल्ले खो अष्ट!" घरी अक्का, इथे फक्त खो. मग दोन्हीकडच्या मुली एकदमच हसत सुटल्या. पुढचा खो मी असा हाणला, की ती कळवळतच धावली आणि गडी बाद करून आली.

हे आठवून मी खुर्चीत हसत होते, तोच पाठीत सणसणीत थाप बसली. "खो!"

दुखरे गुडघे विसरून मी ताडकन उठले. वळून बघते तर माझ्या खुर्चीत पांढऱ्या केसांची गंगाक्का ऐसपैस बसलेली.