लसणाची फोडणी दिलेला राजगिरा

पोटाच्या डॉक्टरांनी मायचं धान्य बंद केलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. ऑपरेशन नाही, सलाईन नाही. काही आठवडे गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी नाही, दूध नाही, अंडी-मटण नाही, एवढंच. आतड्याची सूज उतरली की एकेक पदार्थ परत सुरू करून बघायचा, म्हणजे नेमका कशानं त्रास होतो ते कळेल.

"डाळ चालेल, भाज्या चालतील. पोटभरीला राजगिरा आहे, शिंगाडा आहे," डॉक्टर म्हणाले. "पुण्यात काय, उपासाचं कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं."

मी हसले. माय हसली नाही. ती पदराचं टोक मुठीत धरून भिंतीकडे बघत बसली होती.

त्यानंतर डॉक्टर जे बोलले ते मात्र हसून बोलले नाहीत. वजन फार उतरलंय, आणखी उतरलं तर दाखल करून घ्यावं लागेल. माझे वडील आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत गेले होते, ते परत आले नाहीत. त्यामुळे कात्रजला घरी परतताना रिक्षात माय एवढंच बोलली, "मले तिथं ठेवू नको." आणि थोड्या वेळानं, "अन् उपासाचंबी मी खानार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

आता हे दुसरं वाक्य कोणालाही हट्टीपणाचं वाटेल. मला वाटलं नाही, कारण मी त्या घरातली आहे. माझी आजी सोमवार, चतुर्थी, हरतालिका सगळं धरायची. गावात तिच्या हातचं पाणी कोणी पीत नव्हतं, पण उपास मात्र सगळे लागू होते. शिवाय ज्या दिवशी घरात काहीच नसायचं त्या दिवशीचा उपास वेगळा. छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली. आजोबा-आजी नागपूरहून परतले आणि पहिलाच सोमवार आला, त्या सकाळी आजीनं चूल पेटवली, ज्वारीची भाकर थापली, पाट्यावर लसणाचं तिखट वाटलं आणि दारात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं खाल्लं. माय तेव्हा एवढीशी होती. दीक्षेतलं तिला काही आठवत नाही. ती भाकर आठवते.

अशा बाईला मी कुठल्या तोंडानं साबुदाणा वाढणार होते?

तसा पहिला साबुदाणा मी वाढलाच नाही, खालच्या काकूंनी आणला. आमच्या सोसायटीत सगळ्यांच्या आजारपणाची बातमी त्यांना आजाऱ्याच्या आधी कळते. मनानं चांगल्या. वाफाळती खिचडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, धान्य बंद म्हणजे काय अवघड आहे? आम्ही आठवड्यातून दोनदा करतो. तुम्हीही करा, तब्येतही सुधारेल आणि पुण्यही पदरात पडेल."

माय अतिशय शांतपणे म्हणाली, "पुन्य आमच्याकडं लय हाये, बाई. तुम्ही ठेवा."

काकू गेल्यावर ती खिचडी मी खाल्ली. उत्तम झाली होती.

मी सुपरमार्केटातून राजगिऱ्याच्या पिठाचं पाकीट आणलं. मायनं ते हातात घेतलं, चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचायला लागली. शाळेत असताना मीच तिला अक्षरं शिकवली होती. ती मुलींच्या एका वसतिगृहात भाकऱ्या थापायची आणि संध्याकाळी घरी आल्यावर पिठाच्या हातांनी पाटी धरायची. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. पण मायला सही करता येते, पाटी वाचता येते, याचा मला माझ्या डिग्रीइतकाच अभिमान आहे. त्या दिवशी तो जरा महागात पडला.

"उ-प-वा-स," तिनं वाचलं. "इस-पे-शल." आणि पाकीट माझ्या मांडीवर ठेवून दिलं. "हे कोनासाठी आनलं व?"

ती उकडलेला दुधी खायची, डाळीचं पाणी प्यायची. दोन घास, की ताट बाजूला. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या होत्या. मी रोज कंपनीच्या बसमध्ये चढायचे आणि कात्रज ते हिंजवडी पूर्ण रस्ताभर एकच विचार करायचे, आज संध्याकाळी काय. ऑफिसात जेवताना मी एकदा हे सांगितलं, तर टीममधली एक मुलगी डोळे मोठे करून म्हणाली, "वॉव, तुझी आई ग्रेन-फ्री आहे? आणि वीगन पण? सो कूल! मी किती दिवस ट्राय करतेय." तिची चूक नव्हती. ती वजन कमी करत होती.

मी तिला म्हटलं, "कूल-बिल काही नाही गं. तिला भाकरी हवीये."

खरं म्हणजे तिला भाकरी नाही, फळं हवी होती. पुण्यात वरणफळं म्हणतात, चकोल्या म्हणतात. आमच्या अमरावतीकडच्या घरात नुसतं फळं. कणकेची पोळी लाटून तिच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या, उकळत्या तुरीच्या वरणात सोडायच्या, शिजल्या की वरून लसणाची कडक फोडणी. गहू घरात क्वचित यायचा, म्हणून फळं क्वचित व्हायची. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा झाली, बीएस्सीचा लागला तेव्हा झाली, पुण्यात नोकरी लागल्याचा फोन केला तेव्हा मायनं एकटीनं करून खाल्ली. तापातून उठलं की फळं, कोणाशी भांडून आलं की फळं. एका दुपारी दुधीचं ताट सरकवत ती म्हणाली, "वाटीभर फळं खाल्ली असती, तर उठून बसली असती मी."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आपण उलटं चाललोय. उपासाचे पदार्थ मायच्या गळी उतरवण्यापेक्षा मायच्या पदार्थात राजगिरा का घालू नये?

रविवारी मंडईत गेले, रताळी घेतली. तिथून चालत कसबा पेठेत, एका जुन्या दुकानात, जिथं पीठ समोर दळून पुडीत बांधून देतात. मी विचारलं, "वर उपवास असं न लिहिलेलं राजगिऱ्याचं पीठ मिळेल का?"

दुकानदारांनी चष्म्यावरून बघितलं. "आम्ही पिठावर लिहीत नाही. पीठ विकतो."

"तसं नाही, आमच्याकडे उपास नसतो."

"मग गहू घ्या की."

"धान्य चालत नाही."

"धान्य चालत नाही आणि उपास नाही." त्यांनी दोरा गुंडाळत पुडी माझ्याकडे सरकवली. "चांगलं आहे. शिंगाडाही देऊ का बिनउपासाचा?"

दिला. तोही घेतला.

पहिला प्रयत्न वाईट फसला. मी पीठ गार पाण्यात मळलं, लाटताना ते चिरफाळलं, तशाच वड्या उचलून वरणात सोडल्या आणि झाकण ठेवलं. उघडलं तर वड्या नव्हत्याच. नुसता तपकिरी लगदा, खाली लागलेला. वासावर माय स्वयंपाकघराच्या दारात आली. पातेल्यात डोकावली.

"हे काय होय?"

"फळं."

"कुठी हायेत?"

मला रडू येईल असं वाटलं, पण हसू आलं. तीही हसली, किती दिवसांनी. मग एकदम थांबून तिनं वास घेतला. "राजगिरा हाये ह्याच्यात. मले फसवून राह्यली का?"

"फसवायचं असतं तर पुडी अशी ओट्यावर उघडी ठेवली असती का?" मी म्हटलं. "डॉक्टरनं सांगितलंय तेच घातलंय. तुला फळं हवीत, धान्य चालत नाही. माझ्याकडे एवढंच आहे, माय. तू खाल्लं नाहीस तर ते तुला ठेवून घेतील. मग मी काय करू?"

ती परत खोलीत गेली नाही. ओट्याशेजारच्या स्टुलावर बसली.

ती तशी बसलेली बघून मला शांत वाटलं आणि डोकं चालायला लागलं. राजगिऱ्याला चिकटपणा नाही, म्हणून तो सुटतो. पण ज्वारीला तरी कुठे असतो? वसतिगृहाच्या त्या चुलीसमोर मी वर्षानुवर्षं बसून अभ्यास केला होता. ज्वारीचं पीठ जुनं, विरी गेलेलं, थापताना तुटणारं असलं की माय उकळतं पाणी घालूनच मळायची. मी दुसऱ्या पातेल्यात नवं वरण चढवलं आणि पाणी उकळायला ठेवलं. काकू उपासाच्या थालीपिठात उकडलेलं रताळं कुस्करतात हेही आठवलं, ते घातलं. राजगिरा, थोडा शिंगाडा, रताळं, चिमूट मीठ, वर उकळतं पाणी. गोळा झाला. प्लास्टिकच्या कागदावर थापून वड्या कापल्या, आणि या वेळी त्या वरणात न सोडता चाळणीत ठेवून आधी वाफवून घेतल्या.

"आता जमलं," माय स्टुलावरून म्हणाली. "पन वरन पातळ कर. लय घट्ट हाये तुयं."

वरण पातळ केलं. हळद, मीठ, कोथिंबीर. वाफवलेल्या वड्या अलगद सोडल्या. वर तरंगल्या, शाबूत. मी वाटी भरली आणि तिच्यापुढे धरली. तिनं घेतली नाही. वाटीकडे बघत राहिली.

"अशी नुसतीच?" ती म्हणाली. "फोडनी कोन देईल?"

तुपाचा प्रश्न नव्हता, तूप आमच्यात कधीच नव्हतं. पण दुखऱ्या पोटाला नको म्हणून मी लसूण टाळला होता. डॉक्टरांना फोन लावला. "लसूण? थोडा चालेल, तेल बेतानं घ्या," ते म्हणाले आणि मागे कोणाशी तरी बोलायला लागले. मी फोन ठेवेपर्यंत माय उठली होती. तिनं पाकळ्या सोलल्या नाहीत, सालीसकट बत्त्यानं ठेचल्या, जशा आजी ठेचायची म्हणते तशा. चमचाभर तेल तापवलं. लसूण लाल होईपर्यंत थांबली, घाई केली नाही. मग सगळी फोडणी वाटीवर ओतली. चर्र झालं आणि घरभर तो वास सुटला.

"पाह्य आता," ती मला म्हणाली, जणू मीच इतके दिवस नाही म्हणत होते. "लसून पडला, तुरीची डाळ हाये, हळद हाये. कोन म्हनते ह्याले उपास?"

आणि स्टुलावर बसून तिनं खाल्लं. पहिला घास घेऊन थोडा वेळ तोंडात धरला. "कनकेची नाहीत," ती म्हणाली. "पन फळं हायेत." वाटी रिकामी झाली. तिनं ती माझ्याकडे पुढे केली, लहान मुलं करतात तशी. मी पाठ वळवून दुसऱ्यांदा वाढली, कारण माझा चेहरा तिला दाखवण्यासारखा नव्हता.

त्यानंतर फळं जवळजवळ रोज झाली. कधी वड्यांत दुधी किसून, कधी वरणात पालक घालून. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा बघून नुसतं "हं" म्हणाले. दाखल करण्याचं नावही काढलं नाही. काट्यावरून उतरताना मायनं मला डोळा मारला. पुढे ज्वारी परत सुरू झाली, काही झालं नाही. गव्हानं मात्र पोट पुन्हा फुगलं, तो कायमचा गेला. तिला त्याचं फारसं दुःख नाही. राजगिऱ्याची फळं ती आता स्वतःच करते आणि माझ्यापेक्षा पातळ थापते.

पण त्या पहिल्या रविवारचं एक राहिलं. आम्ही जेवत असतानाच बेल वाजली. खालच्या काकू. वास थेट जिन्यात गेला असणार. माय दारात वाटी घेऊनच गेली.

"अगंबाई, जेवताय? बरं वाटलं बघून," काकू म्हणाल्या, आणि ते त्यांना खरंच वाटलं होतं. "काय केलंय?"

"राजगिऱ्याची फळं."

"राजगिरा? मग द्या की थोडी. आज एकादशी आहे, सकाळपासून नुसत्या केळ्यावर आहे मी."

माय चौकटीला टेकून उभी होती. तिच्या आवाजात इतका आनंद मी त्या महिन्यात ऐकला नव्हता.

"तुम्हाले नाही चालनार, बाई," ती म्हणाली. "लसून हाये त्याच्यात."

मग आत आली, झाकणाचा डबा शोधला आणि काकूंची वाटीभर फळं उद्यासाठी काढून ठेवली.