हेडमास्तरांनी दिलेला दिवस

नंदिगड्ड्याच्या पुढं, रानातल्या आमच्या शाळेत शिकवणारे दोघंच. एक मी, दुसरे हेडमास्तर. मी खानापूरकडची, तोंडाची फटकळ. मनात आलं की ओठांवर आलंच. हेडमास्तर बाजारकुणंगकडचे आणि इतके अबोल, की सकाळी नमस्कार केला की दुपारपर्यंत तेवढ्यावर भागायचं. दोन वर्षं मला वाटत होतं, या माणसाबरोबर शाळा चालवायची म्हणजे एकटीनंच गाडा ओढायचा.

त्या वर्षी आमची एक मुलगी सातवी पास झाली. पुढं शिकायचं तर तालुक्याला, जोयड्याला, वसतिगृहात राहून. गुणी पोर, माझा फार जीव तिच्यावर. जून सरला तरी ती घरीच, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. मग काय, माझं डोकं फिरलं. शाळा सुटल्यावर तडक तिच्या घरी गेले आणि तिच्या बापाला अंगणात, शेजारपाजाऱ्यांसमोर, नाही नाही ते बोलले. पोरीचं वाटोळं करताय म्हणाले. तो कुणबी माणूस मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "अक्कोर, पोरगी न्हाई जायाची." बाईंना तिकडं अक्कोर म्हणतात.

परतताना मला रडू फुटलं. जमलं असतं तेही मीच घालवलं होतं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हजेरीपट उघडला. असा संताप आला मला!

रविवारी त्याच वाटेनं जात होते, तर त्या घरच्या शेतात हेडमास्तर. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्यांना जळवा लागलेल्या, आणि बायकांच्या रांगेत भाताचा तरवा, म्हणजे रोपं, लावतायत. तोही वाकडातिकडा, बायका पदराआड हसत होत्या. लावणीत तिकडं मजूर मिळत नाही, दिवसाला दिवस फेडायची रीत. तुमच्या शेतात ज्यानं एक दिवस दिला, त्याला तुम्हीही एक दिवस द्यायचाच, नाहीतर गावात तोंड दाखवायची सोय नाही. पण हेडमास्तरांना कुठं होतं शेत?

संध्याकाळी बापानंच त्यांना विचारलं, तुमचा दिवस कुठं फेडू. हे मला मुलीनं नंतर सांगितलं. हेडमास्तर म्हणाले होते, शनिवारी जोयड्याला चला, पोरीला घेऊन.

मला म्हणाले, बाई, तुम्हीही या. शनिवारी सकाळची शाळा आटोपून आम्ही चौघं जीपनं निघालो. बाप माझ्याकडं बघेना. मीही ठरवलं होतं, आज तोंड उघडायचं नाही. काय सांगावं, परत काहीतरी बिनसायचं.

वसतिगृहाच्या बाईंनी फोनवर बघून सांगितलं की यादी बंद झाली, आता पुढच्या वर्षी. बापानं निमूट पोरीची ट्रंक उचलली. पोरीचा चेहरा एवढासा झाला. हेडमास्तर पुढं झाले, काहीतरी सांगायला गेले, पण शब्दच फुटेना. हातातला दाखला नुसता पुढं केला, परत मागं घेतला. दोन वर्षं ज्याला मी बेफिकिरी समजत होते, ती ही भीती होती. टेबलापलीकडच्या माणसासमोर त्यांची जीभच वळत नव्हती. आणि हा माणूस दिवसभर चिखलात उभा राहिला होता. माझीच मला लाज वाटली.

ते माझ्याकडं वळले. "बाई, हे मला जमायचं नाही. तुम्ही बोला."

मी बापाकडं पाहिलं. तो ट्रंक धरून उभाच होता. म्हणाला, "व्हय अक्कोर, बोला. तवा बोलला तसंच बोला."

मग मी बोलले. भांडले, हात जोडले, पोरीच्या वह्या टेबलावर पसरल्या, मध्येच रडलेसुद्धा. वसतिगृहाच्या बाईंनी शेवटी वरच्या साहेबांना फोन लावला. तासाभरानं पोरीचं नाव यादीत चढलं. हेडमास्तर खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत होते. बापानं ट्रंक आत नेऊन ठेवली.