पांढऱ्या टोपीखालचा चेहरा

रशीदभाईंची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि भांडण अर्थातच मी काढले होते. फौजेतली वीस वर्षे संपवून मी वडूजजवळच्या आमच्या गावी परतलो होतो. येताना कॅन्टीनमधून मोठ्या हौसेने कॅमेरा आणला होता. पहिला फोटो काढला तो माझ्या वडिलांचा, आबांचा. अंगणात, भर दुपारी, अंगात पांढरा सदरा आणि डोक्यावर पांढरी टोपी. फोटोत टोपी लख्ख आली, सदरा लख्ख आला आणि दोहोंच्या मधे आबांच्या तोंडाच्या जागी नुसता काळा डाग. कॅमेऱ्यात दोष आहे असे ठरवून मी सातारा गाठले. एसटी स्टँडजवळच्या बोळातल्या एका जुन्या स्टुडिओत शिरलो आणि आवाज चढवून म्हणालो, "हे मशीन खराब हाय. नीट करून द्या."

स्टुडिओचे मालक रशीदभाई तेव्हा साठी ओलांडून बरेच पुढे आले होते. त्यांनी फोटो पाहिला, माझ्या मिशा पाहिल्या आणि शांतपणे म्हणाले, "फौजी दिसताय. बसा. मशीन बेस हाय. त्याला टोपी दिसली, त्यानं टोपीचा फोटो काढला. माणूस आपल्याला बघाय लागतो."

मग त्यांनी मला समजावून सांगितले. समोर पांढरे फार असले की ऊन जास्त आहे असे कॅमेऱ्याला वाटते. तो उजेड आत कमी घेतो, आणि सावळा चेहरा अंधारात बुडतो. अशा वेळी कॅमेऱ्याचे न ऐकता उजेड पायरी-दीड पायरी वर चढवायचा असतो. तरुण फोटोग्राफर ज्याला स्टॉप म्हणतात, त्याला भाई आजही पायरीच म्हणतात. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसे पांढऱ्या टोपीतली, त्यामुळे हा धडा इथे पहिला शिकवावा लागतो, असेही ते हसत म्हणाले.

मी मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतो, कारण साताऱ्याला येण्याआधी मी घरी एक घोळ घालून ठेवला होता. फोटो काळा आला म्हणून मी आबांना म्हटले होते, "आबा, जरा टोपी काढून बसा." आमच्याकडे जुन्या माणसाचे डोके बोडके दिसते ते घरात मयत झाले तरच. आबांनी माझ्याकडे रोखून पाहिले. "माझी टोपी मी मेल्यावर काढा," ते म्हणाले. "हार घालाय फोटू पायजे व्हय रं तुला?" आणि काठी टेकत आत निघून गेले. त्यानंतर कॅमेऱ्याचे नाव काढले की ते भिंतीकडे तोंड करून बसत.

खरे सांगायचे तर त्यांचा संशय अगदीच खोटा नव्हता. कराडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते की त्यांचे हृदय दमले आहे, फार ताण देऊ नका. घरात त्यांचा फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा तेवढा एक, आणि तो खुद्द आबांनाही ओळखू येत नसे. ज्यांनी कोरडवाहू रानात राबून आम्हा तीन भावंडांना वाढवले, ते उद्या गेले तर नातवंडांना दाखवायला त्यांचा चेहराच उरणार नव्हता. हे सगळे मी पहिल्याच भेटीत भाईंना सांगून टाकले. का सांगितले कोण जाणे. पुढे अनेकांकडून ऐकले की त्या स्टुलावर बसले की माणसे बोलतातच.

"तुमीच चला आणि काढा," मी म्हणालो.

भाईंनी मान हलवली. "मी आलो तर आबा पावन्याम्होरं बसल्यागत बसतील. लेकाम्होरचं त्वांड येगळं असतंय. तुमी शिका."

"शिकंस्तवर आबा राहिले पायजेत की."

"म्हनून तर आजपासनं," असे म्हणून भाईंनी पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला आणि माझ्या नव्याकोऱ्या कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चिकटपट्टीने डकवून टाकला.

हा पुठ्ठा म्हणजे भाईंच्या शाळेची दीक्षा. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत लग्नाकार्यात आज जे कॅमेरे घेऊन फिरतात, त्यांतल्या कितीतरी जणांनी तो सोसला आहे, आणि आम्ही एकमेकांना 'पुठ्ठेवाले' म्हणूनच ओळखतो. पद्धत अशी: एक शाळकरी वही ठेवायची. समोरचा उजेड डोळ्यांनी जोखून शटर किती, ॲपर्चर किती, आयएसओ किती, हे आधी वहीत लिहायचे. मग फोटो काढायचा, पण बघायचा नाही. रविवारी स्टुडिओत यायचे आणि भाईंच्या शेजारी बसून वही आणि फोटो एकत्र ताडून पाहायचे. फोटो लगेच दिसला की माणूस तो दुरुस्त करत बसतो, उजेड वाचायला शिकत नाही, असे त्यांचे म्हणणे.

फौजेत मी हुकूम पाळत आलो, पण घरी आल्यावर त्याचा वचपा काढायचा असतो. दुसऱ्याच आठवड्यात मी हळूच पुठ्ठा उचलला, फोटो पाहिले, बिघडलेले उडवले आणि वहीतले आकडे सुधारून घेतले. रविवारी भाईंनी कॉम्प्युटरवर फोटो उघडले. एकूण एक अचूक. त्यांनी चष्मा वर केला. "फौजी, परेडला पाच जवान कमी हायेत." मला कळेना. त्यांनी फोटोंच्या नंबरांवर बोट ठेवले. नंबर सलग नव्हते, उडवलेल्या फोटोंच्या जागा रिकाम्या होत्या. मी मान खाली घातली. भाई रागावले नाहीत. "चुकलेलं फोटू घेऊन येत जावा. बरोबर आलेल्यात मला शिकवाय काय न्हाई," एवढेच म्हणाले, आणि नवा पुठ्ठा कापून दिला.

चुकण्याची लाज वाटू नये, ही गोष्ट भाई नुसती सांगत नाहीत. फिल्मचा जमाना संपला तेव्हा डार्करूममध्ये उभी हयात गेलेला हा माणूस एसटीने सांगलीला डिजिटल फोटोग्राफीच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेला आणि पहिल्या बाकावर वही उघडून बसला. शिकवायला उभा होता तो त्यांचाच जुना शिष्य. भाई उभे राहून म्हणाले, "सर, मला ह्यातलं काय बी येत न्हाई. पयल्यापासनं सांगा." दोन्ही दिवस ते त्याला सरच म्हणत राहिले. हा किस्सा मला त्या शिष्यानेच सांगितला.

भाईंचे घराणे बांगड्यांचे. त्यांच्या आई गावोगावच्या बाजारात बसून बायकांना बांगड्या भरत, आणि लहानपणी भाई त्यांच्या शेजारी बसून असत. बांगडी भरताना हात आखडला तर बांगडी फुटते आणि मनगटही कापते, म्हणून त्यांच्या आई गिऱ्हाइकाला सारखे बोलते ठेवत. माहेर कुठले, म्हैस किती दूध देते, पोरगी दिली कुठे. बोलता बोलता हात सैल झाला की बांगडी सरकन वर. "फोटूचं बी तेच हाय," भाई म्हणतात. "माणूस सैल झाला की बटण दाबायचं. त्याआधीचं सगळं नुसतं बांगडी फोडणं." लेन्स आणि लाइट यांच्यावर मी पुढे पुष्कळ वाचले, पण माझ्या उपयोगाला सर्वांत जास्त आले ते हेच.

दोन महिने गेले. माझे आकडे बरोबर येऊ लागले, पण आबा काही कॅमेऱ्यासमोर येईनात. अशात त्यांना कराडच्या दवाखान्यात आठवडाभर ठेवावे लागले. घरी आणले तेव्हा निम्मे झाले होते. मी भाईंना फोन केला आणि म्हणालो की आता राहू द्या, मला शिकून काही उपयोग नाही. मग भाई म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं येतो. चहात साखर घालू नका मला."

दुसऱ्या दिवशी ते आले, कॅमेरा न घेता. हातात नुसती कापडी पिशवी. आबा ओसरीवर बसले होते, डोक्यावर अर्थातच टोपी. भाईंनी पिशवीतून पांढरी चादर काढली, आबांच्या पायापुढे जमिनीवर अंथरली आणि तिच्या कडेला मांडी घालून बसले. आबांना वाटले पाहुणा बसायला चादर घेऊन आला आहे. मला मात्र दिसले की अंगणातला उजेड चादरीवर पडून खालून आबांच्या तोंडावर चढला आहे. भाईंनी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही.

"आवं आबा, तुमचा एक बैल लय नावाजलेला हुता म्हनं," त्यांनी सुरुवात केली. ही माहिती त्यांनी आमच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीवर काढली होती, हे मला मागाहून कळले. आबा आधी हं-हूं करत होते. मग म्हणाले, "सर्जा. त्याच्यावानी जनावर पुन्हा न्हाई झालं." मग सर्जाने पुराच्या पाण्यातून गाडी कशी बाहेर काढली, तो नाल ठोकून घेताना कसा रुसायचा, विकायची वेळ आली तेव्हा आबा दोन दिवस कसे जेवले नाहीत. ही शेवटची गोष्ट मी, त्यांचा मुलगा, पहिल्यांदा ऐकत होतो.

मी आतून हळूच कॅमेरा आणला आणि उजेड जोखला. आयएसओ चारशे, शटर एकशे पंचवीस, ॲपर्चर चार, म्हणजे कॅमेरा सांगत होता त्याहून दीड पायरी वर. सर्जाचे नाव घेताना आबांचे डोळे भरले आणि हसलेही. मी बटण दाबले. आवाजाने त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मला वाटले आता उठून जातील. "काढ, काढ," ते म्हणाले. "पर टोपी न्हाई काढणार."

"कुनी सांगितलं काढाय?" भाई म्हणाले.

आठवड्याने मी मोठा प्रिंट घरी नेला. आबांनी तो मांडीवर घेतला आणि बराच वेळ पाहिला. कपाळावरच्या आठ्या, डाव्या गालावरचा तीळ, दाढीचे पांढरे खुंट, सगळे होते. टोपीची शिवणही दिसत होती. "ह्यो मी हाय व्हय?" ते म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. तसा त्यांनी मी भरतीला निघालो तेव्हा ठेवला होता, त्यानंतर नाही. दिवाळी झाली आणि आबा गेले. दहाव्याला भाई आले, त्या फोटोसमोर उभे राहिले, आणि मला जवळ घेऊन दुसरेच काहीतरी बोलत राहिले, पिकापाण्याचे, गाडीच्या वेळांचे. मी तेव्हा रडलो. आधी रडलो नव्हतो.

आज कराडला माझा स्वतःचा स्टुडिओ आहे, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या कॅमेऱ्यावर मीही पुठ्ठा लावतो. नवरीचा रंग उजळून द्या म्हणणाऱ्यांना "तिच्या आईनं दिलाय तो बेस हाय" हे भाईंचेच उत्तर देतो. एखादे गिऱ्हाईक त्यामुळे जाते, आणि भाईंना फोन करून सांगितले की ते "जाऊ द्या" म्हणतात.

भाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचे ठरले तेव्हा ध्यानात आले की भाईंचा स्वतःचा धड फोटोच नाही. चार जिल्ह्यांची तोंडे टिपणारा हा माणूस कायम कॅमेऱ्याच्या मागे. फोटो काढण्याचे काम सर्वांनी माझ्यावर ढकलले. मागच्या शुक्रवारी नमाजाहून आल्यावर भाई त्यांच्याच स्टुडिओत, त्यांच्याच स्टुलावर बसले. पांढरी दाढी, पांढरा कुर्ता आणि नमाजाची पांढरी टोपी. हजारो माणसांना सैल करणारे भाई लाकडासारखे ताठ बसले होते.

"टोपी काढू का, फौजी?" त्यांनी विचारले. त्यांच्या डोळ्यांत मिस्कील हसू होते.

"राहू द्या, भाई. तुमच्या आई बांगड्या भरताना काय इचारायच्या, ते सांगा."

ते सांगू लागले. खांदे खाली आले, हात मांडीवर उघडे पडले. मी बटण दाबले. या ग्रंथाच्या पहिल्या पानावर तुम्ही पाहिलात तो हा फोटो. माझ्या पडद्यावर पुठ्ठा होता, म्हणून फोटो न बघताच मी वही भाईंच्या हाती दिली. त्यांनी आकडा पाहिला, खिडकीकडे पाहिले, आणि पेन्सिलीने शेरा मारला: "अर्धी पायरी कमी."

भाईंचे म्हणणे बरोबरच आहे, तो फोटो किंचित काळसरच आला आहे. ग्रंथासाठी मी तो कॉम्प्युटरवर उजळून घेतलेला नाही. ही अर्धी पायरी अजून शिकायची राहिली आहे आणि ती शिकवायला दुसरे कोणी नाही. म्हणून भाईंना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो, त्यांची नजर अशीच चोख राहो, आणि दर रविवारी माझ्या वहीत त्यांच्या पेन्सिलीने चूक निघत राहो.