सईच्या फोनचा वास

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. सरकारी ऑफिसात इतकी वर्षं फायली वाचून माझा एकूणच सगळ्यावरचा विश्वास उडालाय. त्यामुळे खालचं वाचून कुणी हसलं तरी माझी हरकत नाही.

आम्ही नोएडात राहतो — मी, नवरा निखिल आणि अकरा वर्षांची सई. सईचं मराठी म्हणजे "आई, मैं खेलायला जातेय". त्यामुळे मोबाइल गेममध्ये तिला पिहू नावाची पुण्याची मैत्रीण मिळाली आणि ती चक्क मराठीत मेसेज करते हे कळल्यावर आम्हा दोघांना केवढं कौतुक! दिल्लीतल्या मराठी माणसाचं हे असंच असतं... समोरचा मराठीत बोलला की आपण काही न विचारता दार उघडतो.

दिवाळीनंतर सईच्या फोनला वास यायला लागला. पिशवीत बांधून विसरलेलं निर्माल्य सडतं ना, तसा — आणि वरून गोड अत्तर शिंपडल्यासारखा. सईला तो येत नव्हता, निखिललाही नाही. "यार, तू एकदा नाक दाखव डॉक्टरला," तो म्हणाला. मी कव्हर फेकलं, फोन स्पिरिटने पुसला, शेवटी करोल बागेतल्या एका दुकानात उघडून घेतला. "मॅडम, अंदर से बिल्कुल साफ है," दुकानदार म्हणाला.

वास सारखा येत नसे. मेसेजची टिंग वाजली की यायचा, आणि तोही प्रत्येक मेसेजला नाही.

एका रविवारी दुपारी कणीक मळत होते, तर बाहेरच्या खोलीतून तो भपकारा आला. कणकेच्या हातांनीच मी सईकडून फोन घेतला. पिहूचा मेसेज होता — "आईला नको सांगू हं, आपलं सीक्रेट." त्याच्या वर तिने जो फोटो मागितला होता, तो कसला ते मला इथे लिहवत नाही. अकरा वर्षांची पोर दुसऱ्या पोरीकडे असं काही मागत नाही. मी बेसिनपाशी जाऊन ओकले.

"मी नाही पाठवला आई, मला शरम आली," सई रडत म्हणाली. "म्हणून ती रुसली." मी तिला नुसतं जवळ घेतलं.

सायबर पोलिसांत तक्रार दिली. तपास होईपर्यंत काही डिलीट करू नका, ब्लॉकही करू नका, असं त्यांनी सांगितलं.

जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला निघाली. सई पुढे मैत्रिणींत, तिचा फोन माझ्या पर्समध्ये. बस दिल्लीबाहेर पडली आणि वास आला. फोन गप्प होता. वास येत होता पुढच्या सीटवरून.

तिथे विनूकाका बसले होते. रिटायर्ड, हसतमुख, मंडळात मुलांची नाटकं बसवणारे, पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटणारे. मला स्वतःचीच किळस आली, असं मनात आलं म्हणून. तरी सईच्या फोनवरून पिहूला "हाय" टाकलं.

पुढच्या सीटवर टिंग वाजली. काकांनी खिशातून फोन काढला, वाचला आणि हसले. माझ्या हातात उत्तर आलं — "किती दिवस रुसलीस? आई शेजारी आहे का?"

मी उठून त्यांचा फोन हिसकावला. स्क्रीनवर माझाच "हाय" होता. निखिलने बस थांबवून पोलिसांना बोलावलं.

मला वाटलं, संपलं. पण परवा मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "ताई, झालं ते वाईटच. पण आपल्यातलाच माणूस आहे, वय झालंय. तक्रार मागे घ्या, मंडळातच मिटवू. बाहेर शोभा नको."

सईचा फोन पोलिसांकडे जमा आहे. हा माझा स्वतःचा फोन. आणि त्यातून तोच वास यायला लागला.

तो कुठून येतो, मलाच का येतो, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. मी फोन कानापासून लांब धरला. पलीकडून "ताई... ताई" चालूच होतं. तक्रार मी मागे घेतलेली नाही.