चारशे सतराव्या नमुन्याचं पुढे काय झालं

इस्पितळात त्याला सगळे डास म्हणत. सत्तावीस वर्षं लोकांचं रक्त काढून पोट भरणाऱ्या माणसाला याहून सभ्य नाव सुचणं अवघडच. त्यालाही ते मान्य होतं. "पण मी कानाशी गुणगुणत नाही," एवढीच त्याची तक्रार.

सहा वर्षांपूर्वी बायकोच्या छातीत दुखलं, तेव्हा तिचं रक्त त्यानेच काढलं होतं. त्या वेळी तपासणीचं कार्ड असे. दोन रेघा उमटल्या तर हृदयाला इजा, एक उमटली तर घरी जा. एकच उमटली.

"अहो, नीट बघा," ती म्हणाली. "एरवी चोवीस तास माझ्यात खोट काढता, आज एवढीशी सापडेना?"

तो हसला आणि तिला घरी घेऊन आला. नऊ दिवसांनी ती गेली.

आता नवं यंत्र आलं होतं. कार्डाला जे दिसतही नसे, ते हे मोजून सांगे. पण भरवसा ठेवण्याआधी त्याचीच परीक्षा घ्यायला हवी, म्हणून फ्रीजरमध्ये गोठवलेले जुने नमुने तपासायचं ठरलं. नमुन्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. चारशे सतरा कोण, हे एकट्या डासाला ठाऊक होतं.

तो नमुना वगळता आला असता. 'तेव्हा कुणालाच कळलं नसतं' हे वाक्य मग उरलेल्या आयुष्याला पुरलं असतं. दोन दिवस त्याने टाळलं. तिसऱ्या दिवशी नळी बाहेर काढली. नियमाप्रमाणे ती टेबलावर ठेवून वितळू द्यायची. त्याने मुठीत धरली.

अठरा मिनिटांनी आकडा आला. चौदापर्यंत ठीक समजायचं. हा एकसष्ट होता.

"चारशे सतरा यात सापडलाच असता की," आकडे वाचताना मॅडम म्हणाल्या. त्या नव्याने आलेल्या डॉक्टर, त्यांना काही माहीत नव्हतं. "काका, शेवटचा रकाना राहिलाय. पेशंटचं पुढे काय झालं?"

बाकीच्यांना एकेक शब्द पुरला होता. त्याने पेन उचललं. घरी गेली, असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पडदे धुतले. चौथ्या दिवशी भांडली, मुद्दा तिचाच बरोबर होता. सहाव्या दिवशी जिन्यात मधेच थांबली आणि खिडकीतून काय काय दिसतं ते सांगत राहिली. रकाना संपला, तसा तो चारशे अठराच्या जागेत शिरला.

"काका, एवढं नको," मॅडम म्हणाल्या. मग वाचू लागल्या.

तो आठव्या दिवसापर्यंत आला होता.