बासष्ट किलोंचा नवरदेव

लग्नाआधी मुलगी बघतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या चुडाव्यात घोडीवाली नवरदेव बघायला येते. कडूकाकू मला बघायला आली तेव्हा तिच्या पिशवीत वजनकाटा होता. आईनं चहा टाकला, तर ही म्हणाली, "चहा मागून. गोपाळ, चपला काढ अन् हेच्यावर उभा ऱ्हा." काट्यानं एकाहत्तर दाखवले. काकूनं काटा उचलून पिशवीत घातला.

"न्हाई जमायचं, बाबा. बासष्टच्या वर माझी शेवंती कुणाला नेत न्हाई."

लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडायला जातो, त्या मिरवणुकीला आमच्याकडे परण्या म्हणतात. मी परण्याला पायी गेलो, गळ्यात हार, डोक्याला बाशिंग आणि पायात धूळ. माझी बायको राजेश्री अजूनही ताटात भाकरी वाढताना विचारते, "आणखी एक वाढू, का घोडीवर बसायचंय?" मी हसण्यावारी नेतो, पण ते डोक्यात बसलंय ते बसलंय.

काकूचं म्हणणं खरं होतं, हे मलाही कळत होतं. तिचा नवरा भुजंगकाका होता तोवर येईल त्याला घोडीवर चढवायचा. तेव्हाची घोडी एका धिप्पाड नवरदेवाखाली मारुतीसमोरच बसली, ती पुन्हा कधी धड चालली नाही. काका गेल्यावर काकूनं शेवंती घेतली आणि आधी जनावरांच्या डॉक्टरला गाठलं. तो म्हणाला, घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं पाठीवर नको, तेही खोगिरासकट. काकूनं शेवंतीला थेट कापसाच्या जिनिंगमधल्या ट्रकच्या काट्यावर उभी केली. साडेतीनशे किलो भरली. पाचवा हिस्सा सत्तर. खोगीर आणि साज आठ. उरले बासष्ट. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईनं हा आकडा असा धरून ठेवला की पाटलाच्या पोरालाही सूट मिळाली नाही.

या बाईला चैन म्हणून पडायची नाही. परण्यात ती घोडीच्या डाव्या अंगाला, मग उजव्या, मग पुढं. पट्टा चाचप, खोगिराखाली हात घाल, बँडवाल्याला "सरक की मागं" म्हण. तिच्याकडे बघून आपल्यालाच दम लागायचा.

गेल्या उन्हाळ्यात तिच्याच पोराचं, मल्हारचं लग्न निघालं. मल्हार पाच वर्षं पुण्यात, एका कंपनीच्या कँटीनला. गावात रिक्षा थांबली तेव्हा आधी त्याचं पोट उतरलं, मग तो. चौऱ्याऐंशीच्या खाली काही नव्हता. मी मनातून खूश झालो, खोटं कशाला बोलू?

लग्नादिवशी सकाळपासून मी त्यांच्या दारासमोर घिरट्या घालत होतो. काकूच्याही अंगणात येरझारा चालल्या होत्या. तीनदा घरात गेली, तीनदा रिकाम्या हातानं बाहेर आली. चौथ्यांदा काटा आणला आणि मल्हारसमोर ठेवला. मल्हार त्याच्यावर चढलाच नाही.

"माय, समद्या गावाचे पोरं ह्या घोडीवर बसले. मीच न्हाई बसायचं का?"

"आपलीच घोडी, आपलंच लेकरू," त्याची आत्या म्हणाली. "एका दिवसानं काय व्हायलंय?"

सगळे काकूकडे बघत होते. तिचे ओठ हलले, पण नेहमीचं "न्हाई" काही बाहेर पडेना. शेवटी तिनं पायानं काटा बाजूला सारला आणि पोराला चढायला स्वतःच रिकीब धरली.

बँड वाजला. शेवंती वेशीपाशी थांबली. काकूनं लगाम ओढला तशी चालली, पंपाजवळ पुन्हा थांबली. मान खाली, कान मागं. काकू खोगिराखाली हात घालून चालत होती आणि सारखी मल्हारकडं वर बघत होती. तो फोटोवाल्याकडं बघत होता. माझ्या लग्नापासून दोन वर्षं मला हेच बघायचं होतं, आणि आता ते बघवेना. "मल्हार, उतर रे," एवढंच म्हणायचं होतं. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही.

आठव्या दिवशी काकू आमच्या दारात आली. राजेश्रीनं चहाचं विचारलं, पण ती थांबली नाही. "गोपाळ, जरा चल," म्हणून मला गोठ्यात घेऊन गेली. माझा हात धरून तिनं शेवंतीच्या पाठीवर ठेवला, खोगीर बसतं तिथं.

"दाब."

हलकंच दाबलं, तर घोडीची अख्खी पाठ हातासरशी खाली गेली आणि ती अंग चोरून बाजूला सरली.

"तुला न्हाई म्हणलं, त्यात माझं चुकलं न्हवतं," काकू म्हणाली. "ह्यात चुकलं."

"डॉक्टर काय म्हणले?"

"दोन महिने खोगीर घालू नका म्हणले. बरी व्हईल म्हणले."

"मग होईल की."

"ती व्हईल रे." काकूनं पदरानं घोडीच्या पाठीवरची माशी हाकलली. पुन्हा हाकलली, तिथं माशी नसताना. "उद्या कुणाच्या लेकराला उतर म्हणायची येळ आली, तर कोणत्या तोंडानं म्हणू?"

माझा राग कुठं गेला होता कोण जाणे.

"त्या दिवशी मी पण नुसता बघतच होतो, काकू," मी म्हणालो.