हँडल दुखत नसते

प्रभाकर भिंगारदिवे गेल्याची बातमी आणि तो कशामुळे गेला याचा निकाल, ही दोन्ही मला एकाच फोनवर मिळाली. त्यांपैकी बातमी तेवढी खरी होती. मी त्या वेळी पुण्यात मुलीकडे होतो. प्रभाकरचा मुलगा रोहन दिल्लीहून बोलत होता. "टिपणीस काका, पप्पा गेले सकाळी. हार्ट अटॅक..." आणि मी काही विचारण्यापूर्वीच, "त्या बाइकनेच घेतलं त्यांना." दुःखात माणूस काहीही बोलतो, म्हणून मी तेव्हा गप्प राहिलो. पण मी दिल्लीत, द्वारकेच्या घरी परतलो तोवर हेच वाक्य आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये, मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि त्याच्या चर्चमधल्या प्रार्थनेनंतरच्या चहापानात सिद्ध सत्य म्हणून फिरू लागले होते. फरीदाबादच्या कारखान्यात ज्याने सारी नोकरी केसभर चुकलेले सुटे भाग परत पाठवण्यात घालवली, त्याच्याविषयी एवढे ढोबळ वाक्य चालवून घेणे मला शक्य नाही. म्हणून हा लेख.

मंडळाने शोकसभा घेतली. कार्याध्यक्षांनी प्रभाकरला 'सत्तरीत हिमालय पालथा घालणारा मुसाफिर' ठरवले. प्रभाकरने हिमालय विमानाच्या खिडकीतूनसुद्धा धड पाहिला नव्हता. त्याची ती उंच, दणकट मोटारसायकल, जिला दुकानदार अ‍ॅडव्हेंचर टूरिंग म्हणतात, एकदा जयपूरला गेली आणि बाकी सर्व वेळा पानिपतला, कारण तिथे त्याच्या बायकोची, म्हणजे शैलावहिनींची, बहीण राहते. एवढ्यावर थांबले असते तर मी ऐकून घेतले असते. पण पुढे ते म्हणाले, "भिंगारदिवे नेहमी सांगत, काहीही बिघडलं तर आधी अर्थ बघा. केवढं तत्त्वज्ञान आहे यात!" सभागृहात माना डोलल्या. मी उभा राहिलो आणि सांगितले की, वायरिंगच्या भाषेत 'अर्थ' म्हणजे विजेला परत जायला गाडीच्या सांगाड्याशी जोडलेली तार, आणि प्रभाकर आयुष्यभर त्या तारेविषयीच बोलत होता. "टिपणीस, आज तरी..." असे कोणीतरी कुजबुजले. "आजच," मी म्हणालो. "उद्या तुम्ही ते वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावाल."

आमची ओळखही त्याच तारेपायी झाली. निवृत्तीनंतर तो फरीदाबाद सोडून आमच्या सोसायटीत राहायला आला, तेव्हा मला तो कोण हे ठाऊक नव्हते. एका सकाळी तळघरातल्या पार्किंगमध्ये एक धिप्पाड गृहस्थ पाटावर बसून नव्या गाडीला जादा दिवे जोडताना दिसला. मी केंद्र सरकारच्या खात्यात विद्युत अभियंता म्हणून उभी हयात घालवलेली, न राहवून मी विचारले, "भाईसाहब, रिले लगाया है?" त्याने वर न पाहता स्वतःशीच शुद्ध मराठीत म्हटले, "आला शहाणा." मी म्हणालो, "शहाणा आहेच. रिले लावलाय का?" तेव्हा कुठे त्याने मान वर केली. दिल्लीत मराठी माणूस मराठी माणसाला असाच सापडतो. बाहेर सगळे हिंदी बोलतात आणि शिवी तेवढी घरची राहते.

रिले, म्हणजे जड प्रवाह बटणाऐवजी स्वतःतून नेणारा मधला स्विच, त्याने लावला नव्हता. हॉर्न वाजवला की दिवे मंदावत, आणि मी ठामपणे सांगितले की एवढा प्रवाह थेट बटणातून नेल्यावर दुसरे काय होणार. तो म्हणाला, "आधी अर्थ बघू." त्याने सांगाड्यावरचा अर्थचा बोल्ट सोडवला, तारेचे कडे रंगाच्या थरावर आवळलेले निघाले. रंग खरवडून धातू उघडा केला, कडे पुन्हा आवळले, आणि दिवे मंदावायचे थांबले. पुढे कित्येक वर्षे हा प्रसंग तो माझ्या पराभवाची कथा म्हणून सांगत असे. माझे म्हणणे आजही तेच आहे की रिलेसुद्धा हवाच होता, आणि पुढच्या आठवड्यात त्याने तो गुपचूप बसवला. मी ते पाहिले. मी पाहिले हे त्यानेही पाहिले.

रोहन त्या गाडीला 'पप्पांचं खिलौना' म्हणतो. गुरुग्रामहून रविवारी आला की बापाला तळघरात शोधावे लागे, याचा त्याला राग होता. तो राग मी समजू शकतो. पण खेळण्यावर माणूस काय चढवतो आणि कोणासाठी चढवतो, हे पाहिल्यावाचून निवाडा देऊ नये. मागच्या सीटला टेकण बसवले, कारण शैलावहिनींची कंबर धरत असे. पाय ठेवायच्या मागच्या दांड्या खाली घेतल्या, कारण त्यांचा गुडघा फार वळत नाही. टेकणाशेजारी फोन चार्ज करायचा सॉकेट दिला, कारण पानिपतला पोहोचेपर्यंत फोनची बॅटरी संपेल आणि बहीण घाबरेल, अशी धास्ती वहिनींना कायम असे. जादा दिव्यांचे मला नेहमी आश्चर्य वाटे. वहिनींना अंधारातला प्रवास नको असल्याने ते दोघे उजेडातच घरी येत. मी तसे म्हटले, तेव्हा तो म्हणाला, "अरे, ट्रकवाल्यांना दिवसा दिसतो का मी? मी एकटा असतो तर गोष्ट वेगळी." अशा तऱ्हेने ती गाडी एका बाईच्या सोयीनुसार मापून शिवलेल्या कपड्यासारखी झाली होती. लोकांना तीत साहस दिसले, हा लोकांच्या नजरेचा दोष.

आता पानिपतची ती शेवटची फेरी. मी पुण्यात असल्यामुळे ती मी पाहिलेली नाही. वहिनींनी सांगितले तसे लिहितो. परतताना रस्त्याकाठच्या एका ढाब्यावर चहासाठी थांबायचे ठरले. प्रभाकरने गाडी आवारात वळवली आणि वळता वळताच इंजिन बंद पडले. उन्हाचा कडाका होता, आवार चढाचे होते, मागून बस हॉर्न वाजवत होती. वहिनी उतरल्या आणि त्याने ते जड धूड एकट्याने ढकलत सावलीत नेले. घाम पुसत बसला. चहा पिऊन बटण दाबले, तर इंजिन काही झालेच नसल्यासारखे सुरू. तेव्हा हसत हसत तो वहिनींना म्हणाला, "तुझ्या फोनने गाडीचं रक्त प्यायलं." घरी आल्यावर त्याने सॉकेटचा फ्यूज काढून ठेवला. काही दिवसांनी तो गेला. रोहनने ढकलण्याचा आणि मृत्यूचा संबंध जोडला. वहिनींनी त्याहून एक पायरी मागे जाऊन आपल्या फोनचा आणि मृत्यूचा जोडला. मी भेटायला गेलो तेव्हा त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, मी सॉकेट मागितलं नसतं तर हे असते." रोहनचे वाक्य मी कदाचित पचवले असते. हे मला पचवता येणे शक्य नव्हते.

गाडी विकायची म्हणून रोहनने ती आधीच एका वर्कशॉपमध्ये दाखवून आणली होती. मी तळघरात मीटर घेऊन उतरलो, तेव्हा तो वैतागून मागे आला; त्याच्या मागे वहिनीही आल्या.

"काका, प्लीज. त्यांनी सगळं चेक केलंय, फॉल्ट नाही म्हणाले. मेकॅनिक तर बोलला, इतनी एक्सेसरीज लगाओगे तो यही होगा. पप्पांनीच दहा ठिकाणी वायरी काढल्यात."

"वायरी मोजल्यास?"

"मोजायचं काय त्यात!"

"मग दहा म्हणू नकोस."

मी आधी अर्थ पाहिला. उत्तम होता. सॉकेटचा फ्यूज परत बसवला, वहिनींचा फोन लावला, सर्व दिवे पेटवले आणि इंजिन चालू ठेवले. मीटरचा आकडा स्थिर राहिला. चार्जरने इंजिन बंद पडत असते तर ते तेव्हाच पडायला हवे होते. "देखा? काही नाही होत," रोहन म्हणाला. धूर साचू लागला म्हणून मी त्याला गाडी दाराकडे घ्यायला सांगितली. शेजारच्या मोटारींमधून वाट काढण्यासाठी त्याने हँडल डावीकडे पूर्ण वळवले... आणि इंजिन विझले. सरळ करून बटण दाबले, सुरू झाले. पुन्हा वळवले, पुन्हा बंद. वर्कशॉपमध्ये गाडी जागेवर सरळ उभी करून तपासली असणार. त्यांना दोष सापडणार कसा?

पुढचे आवरण काढल्यावर कारण दिसले. हँडलच्या उजव्या टोकाला इंजिन बंद करायचे लाल बटण असते. त्याची तार तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली होती. हँडल वळले की ती आणखी ओढली जाई, आतला तुटका तांब्याचा धागा सुटे आणि गाडीला वाटे की मालकानेच बटण दाबले. मूळची तार एवढी तोकडी कशी, म्हणून मी खाली पाहिले. हँडलच्या पकडीखाली अ‍ॅल्युमिनियमचे दोन नवे ठोकळे होते. बाजारात त्यांना रायझर म्हणतात. हँडल उंच होऊन बसणाऱ्याच्या जवळ येते. मी पुण्याला गेलो तेव्हा ते तिथे नव्हते.

"हँडल कोणी उचललं?"

"ह्यांनीच," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर. हँडल लांब पडतं म्हणायचे. डावा खांदा भरून यायचा, हातापर्यंत. गाडी स्टँडवरून काढताना जास्त. मी म्हटलं डॉक्टरला दाखवा, तर म्हणाले, डॉक्टरला हँडलमधलं काय कळतं?" आणि मग, "मलाही वाटलं, हँडलचंच दुखणं आहे ते."

रोहन आवरण हातात धरून उभा होता. त्याने ते हळूच जमिनीवर ठेवले. "हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं मला," तो म्हणाला. "लेफ्ट शोल्डर, हात, काही दुखत होतं का आधी. ब्लॉकेज जुनं आहे म्हणाले. मी म्हटलं, नाही... बिल्कुल नाही." मग तोच पुन्हा म्हणाला, "मला माहीतच नव्हतं, यार."

मी दोघांना क्रम सांगितला. आधी हृदयाच्या नलिका आक्रसल्या. त्यामुळे खांदा दुखू लागला. खांदा दुखला म्हणून हँडल उचलले. हँडल उचलले म्हणून तार ताणली, आणि तार ताणली म्हणून गाडी ढाब्याच्या वळणावर बंद पडली. रोग गाडीतून प्रभाकरकडे आला नाही. प्रभाकरचा रोग गाडीपर्यंत गेला. भर उन्हात ढकलल्याने त्या दिवशी त्रास वाढला नसेल असे मी म्हणत नाही. पण ते दुखणे भाजीची पिशवी उचलतानाही येणारच होते. रोहनच्या पदरात त्याचे तेवढे घालतो: दोष त्याच्या वडिलांच्याच हातचा होता. उंची वाढवल्यावर तार सैल करून घ्यायची असते, आणि हे प्रभाकरने करू नये याचे मला आश्चर्य वाटले. इतरांसाठी बसवलेली एकेक वस्तू त्याने दहा वेळा तपासली होती. स्वतःसाठी म्हणून त्या गाडीवर त्याने हे एकच काम केले आणि तेच घाईने उरकले.

"पण सॉकेटचं तर ते स्वतः म्हणाले होते," वहिनी म्हणाल्या.

"तो चुकला, वहिनी."

हे वाक्य त्याच्या हयातीत मी त्याला असंख्य वेळा ऐकवले आहे, आणि प्रत्येक वेळी त्याने मला दुप्पट ऐकवले. या वेळी समोरून काही आले नाही. जिंकल्यासारखे मात्र मुळीच वाटले नाही. वहिनींनी मला तो क्रम पुन्हा सांगायला लावला. मी पुन्हा सांगितला, शब्दही न बदलता. त्यांनी बोटावर एकेक पायरी धरली, आणि शेवटी बोटे मिटून विचारले, "म्हणजे मधे कुठे फोन येत नाही?"

"कुठेही नाही."

त्यांनी पदराने चेहरा पुसला.

तार मी जोडून, लांबवून, नव्या वाटेने नेली. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, इंजिन एकदाही बंद पडले नाही. गिऱ्हाइकाला मूळची उंची हवी असेल, तर ठोकळे काढून टाकू का, असे रोहनने विचारले. "राहू दे आत्ता," वहिनी म्हणाल्या. गाडी विकायची की ठेवायची याचा निर्णय अजून झालेला नाही आणि तो माझ्या अधिकारातला नाही.

त्यानंतर जे घडले त्याचीही आता निराळी आवृत्ती ऐकू येते. आपण आईला समजावून गाडीवर बसवले, असे रोहन नातेवाइकांना सांगतो. मी तिथे हजर होतो. तो एकटाच चक्कर मारायला निघाला होता. वहिनींनी हेल्मेट मागितले. "थांब, मी येते." तो नको नको म्हणत राहिला आणि त्या त्याच्या खांद्यावर हात टेकून, गुडघा सांभाळत, सरावाने चढल्या. रोहन अंगाने आईवर गेला आहे, बुटका आणि सडपातळ. त्याचे पाय जेमतेम जमिनीला टेकत होते. सावकाश निघाले. सेक्टरला वळसा घालून परतले तेव्हा मी फाटकापाशीच उभा होतो.

वहिनींनी हेल्मेटची काच वर केली. "रस्ता दिसतो की रे तुझ्या मागे," त्या रोहनला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "इतकी वर्षं गेले-आले, भाऊजी... पण ह्यांच्या मागे काही दिसायचंच नाही. पानिपतपर्यंत नुसती पाठ."